बाळ सांभाळणाऱ्या मावशींचा पगार: सुट्टीचे महिने कोणाच्या खात्यात?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं एक गाव. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. एवढ्याशा गावात ‘शाळेतल्या मॅडम’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. बचत गटांच्या कामामुळे या प्रकरणातल्या दोन्ही घरी माझं जाणं-येणं आहे. म्हणून बाळ सांभाळायचा पगार ठरवायची वेळ आली तेव्हा बाळाची आई असलेल्या मॅडम आणि सांभाळणाऱ्या मावशी, दोघींनीही मला बसवून घेतलं.

मॅडम जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षणसेवक आहेत. म्हणजे पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन. जानेवारी २०२३ पासून ते महिन्याला १६,००० रुपये झालं, त्याआधी ६,००० होतं. यजमानांचं तालुक्याच्या गावी कृषी केंद्र आहे. पेरणीच्या दिवसांत दुकान सोडता येत नाही आणि उधारी कापूस-सोयाबीन विकल्यावर सुटते, त्यामुळे दर महिन्याची मिळकत एकसारखी नसते. सरासरी वीस हजार धरा. सासू-सासरे दुसऱ्या गावी शेतीवर. ऑगस्ट २०२५ मध्ये मॅडमची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा लेकरू सहा महिन्यांचं होतं. अंगणवाडीत बसवायचं तर तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. पाळणाघर गावात नाही.

मावशी त्याच वेटाळातल्या, म्हणजे त्याच आळीतल्या. वय ४६, तीन लेकरं वाढवलेली, गावातल्या कितीतरी बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून शेकलेलं. पोटापाण्यासाठी शेतमजुरी. मॅडमच्या बाळालाही पहिले दोन महिने त्यांनीच न्हाऊ घातलं होतं, त्यामुळे माणूस कोण हा प्रश्न नव्हता. प्रश्न पैशाचा होता.

साडेतीन हजारांचा हिशेब

यजमानांनी पहिला आकडा काढला ३,५०० रुपये. त्यांना कंजूष म्हणता येणार नाही, त्यांनी हिशेब करूनच तो काढला होता. गावात धुणं-भांड्याला महिन्याला आठशे-हजार मिळतात, इथे त्याच्या तिप्पट-चौपट. मावशींना शेतातून वर्षाला चाळीस-पंचेचाळीस हजार सुटतात, म्हणजे महिन्याला तेवढेच झाले. वर सावलीतलं काम, दुपारचं जेवण, दोन वेळचा चहा. आणि लाडक्या बहिणीचे दीड हजार तर येतातच.

मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मी काय सांगू जी? लेकराले काय पैशासाठी पाहीन का मी? तुमाले वाटन ते द्या.” त्याच संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर त्यांचा मुलगा मला म्हणाला, नऊ हजारांच्या खाली आई जाणार नाही.

‘तुम्हाला वाटेल ते द्या’ हे उत्तर ज्याने खरं धरलं तो फसला, असं माझं स्पष्ट मत आहे. गावात काम देणाऱ्याचं दार कायमचं बंद करून चालत नाही, म्हणून तसं बोललं जातं. मनातला आकडा वेगळाच असतो. मग तो तिसऱ्या महिन्यात बाहेर येतो: कधी पाहुणे आले म्हणून खाडा, कधी अंग दुखतं म्हणून खाडा. घरवाले म्हणतात बाई भरवशाची नाही.

लाडक्या बहिणीचा मुद्दा मी तिथेच बाजूला काढला. ते दीड हजार सरकार देतं, मॅडमचं घर देत नाही. उद्या सरकारने बंद केले तर हे घर पगार दीड हजाराने वाढवणार आहे का? जेवणाचंही तसंच. दिवसभर आपल्या घरी थांबणाऱ्या माणसाला दुपारी जेवू घालणं हा त्या कामाचाच भाग आहे, ते पगारातून वळतं करायचं नसतं. (आणि जेवण मोजायचंच असेल, तर आधी मावशींची कपबशी वेगळ्या कोनाड्यात का असते तेही बोलावं लागेल. ती कपबशी पुढच्या आठवड्यात कोनाड्यातून हलली. कोणी काही बोललं नाही.)

मावशींचं वर्ष

यजमानांचा वार्षिक आकडा खरा आहे का, हे पाहायला मावशींच्या ओट्यावर बसून त्यांचं मागचं वर्ष आम्ही कागदावर मांडलं. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत निंदणाचे ४५ दिवस, रोजी २५०. सोयाबीन सोंगणीचे १० दिवस. ती टोळीने एकरावर गुत्ता (ठोक बोलीचं काम) घेऊन होते, वाट्याला दिवसाचे ४०० आले. कापूस वेचणीचे ६० दिवस. वेचणीचा दर किलोवर असतो, गेल्या हंगामात किलोला १० रुपये होता. पहिल्या वेच्याला बोंडं भरून फुटलेली असतात, तेव्हा मावशी ४५-५० किलोही वेचतात. शेवटच्या वेच्याला दिवसभर वाकून २० किलो होत नाही. सरासरी ३५० रुपये धरले. तूर सोंगणं आणि हरभरा उपटणं मिळून २० दिवस, २५० ने. रोजगार हमीचे १५ दिवस; महाराष्ट्रात २०२५-२६ चा तिचा दर ३१२ रुपये. एकूण १५० दिवस आणि ४५,९३० रुपये.

म्हणजे यजमानांचा अंदाज चुकीचा नव्हता. बाराने भागलं तर महिन्याला ३,८०० च्या आसपासच येतात. मावशींचा मुलगा हा कागद पाहून गप्प झाला.

पण त्याच कागदावर दिवसांचाही रकाना होता. पंचेचाळीस हजार हे १५० दिवसांचे आहेत. उरलेले दिवस मावशींनी आराम केला नाही, त्या दिवसांत गावात काम नव्हतं. मॅडमना मावशी किती दिवस हव्या होत्या? शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा आहे, सहावी ते आठवीला २२०. त्यात प्रशिक्षणं, शाळांच्या केंद्राच्या बैठका, निवडणुकीचं काम धरलं की मॅडमचे २३० दिवस सहज भरतात. दीडशे दिवसांच्या मिळकतीत दोनशे तीस दिवस मागणं, हा त्या ३,५०० चा खरा अर्थ होता. एखाद्या बाईला वर्षाकाठी कमी काम मिळतं म्हणून तिचा दिवसही स्वस्त, असं होत नाही.

दिवसाचा भाव काढला तर ४५,९३० भागिले १५० म्हणजे ३०६ रुपये. रोजगार हमीच्या दराशी तो जवळजवळ जुळतो, त्यामुळे कोणालाच उपरा वाटला नाही. महिन्याचे २६ दिवस धरले की ७,९५६, म्हणजे आठ हजार. मुलाचे नऊ हजार आणि यजमानांचे साडेतीन हजार, दोन्ही या आकड्याला येऊन थांबले.

कायद्याचं काय, असं मॅडमनी विचारलं. घरकामाला बोट ठेवून दाखवावा असा किमान वेतनाचा दर आमच्या हाताशी नव्हता. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे काम सुटताना मिळणाऱ्या रकमेचा, तेव्हा लागू असलेला १९७२ चा कायदा दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांचा होता; भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कामगार विमा) हेही घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली झाला, भारताने तो अजून मान्य करून लागू केलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा असं सांगितलं. तेव्हा या घरात जे ठरेल तेच मावशींचं संरक्षण. म्हणून ते लिहून ठेवायचं ठरलं.

खरा तंटा

आठ हजारांना यजमान अर्ध्या तासात राजी झाले. मला आश्चर्यच वाटलं, पण लगेच पुढचं वाक्य आलं: “शाळा चालू तेवढे महिने.”

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्राच्या मागून उघडतात. २०२५ साली इथली शाळा २३ जूनला सुरू झाली. मे महिना आणि जूनचा बराचसा भाग मॅडम घरी. दिवाळीची सुट्टी वेगळी. ते सगळे मिळून दोन महिने कापले तर वर्षाचे ८०,००० होतात. आणि कापायचे नेमके कधी? मे महिन्यात, जेव्हा पारा ४४-४५ वर असतो, शेतं उलंगलेली, पीक निघून रिकामी झालेली असतात आणि गावात कोणालाच काम नसतं. मावशी म्हणाल्या, “मे महिन्यात मले कोन बलावते जी? तवाच तं चूल चालवाची पंचाईत असते.”

त्याच दिवसांत मॅडमच्या घरी बाळाला आई आहे हे खरं. पण जूनच्या शेवटी त्याच मावशी त्याच वेळेला दारात हव्या आहेत, हेही तितकंच खरं. मधल्या काळात कोणी पुण्याला किंवा नागपूरला घरकामाला नेलं तर? गावातून बाया जातात.

इथे माझा युक्तिवाद फारसा चालला नाही. चालला तो सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा. यजमानांच्या वडिलांकडे सालदार आहे. गुढीपाडव्याला साल ठरतं, या वर्षी एक लाख दहा हजारांना ठरलं. मी विचारलं, उन्हाळ्यात वखरणी आटोपली की सालदाराला किती काम असतं? ते म्हणाले, बैलांचं चारापाणी, काडीकचरा, बाकी काही नाही. मग त्या महिन्याचं साल तुमचे वडील कापतात का? यजमान हसले. “असं कोनी करत असते का? पाडव्याले उठून जाईन तो.”

मॅडम तोवर बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होत्या. त्या यजमानांकडे न बघता म्हणाल्या, “माझं मानधनही मे महिन्यात येतं. शाळेत जात नाही तरी येतं.” मला वाटतं, त्या दिवशीचं सर्वांत सरळ बोलणं हेच.

एक गोष्ट मात्र मी मॅडमच्याच बाजूने ताणली. घरातलं सगळं गणित ‘मॅडमच्या सोळा हजारांतून आठ गेले तर नोकरी करायची कशाला’ असं चाललं होतं. सासूबाईंनी फोनवर तेच सुचवलं होतं. बाळ दोघांचं आहे, तर मावशींचा पगार एकीच्याच मानधनातून का वजा करायचा? दोघांची मिळकत छत्तीस हजार धरली की आठ हजार तेवढे अंगावर येत नाहीत. शिवाय शिक्षणसेवकाची तीन वर्षं सरली की मॅडम नियमित वेतनश्रेणीत जातील. आज नोकरी सोडली तर ती श्रेणीही गेली.

शेवटी महिन्याचा आकडा खाली आणून वर्षाचा वर नेला. पगार ७,००० रुपये, बाराही महिने, उन्हाळा-दिवाळी धरून. दिवाळीला एक पगार जास्तीचा. वर्षाचे ९१,००० झाले. आठ हजार आणि सुट्टीत शून्य, यापेक्षा अकरा हजारांनी जास्त, आणि मॅडमच्या घराला महिन्याला हजार रुपयांनी हलकं. मावशींच्या मुलाला सात हजार ऐकून आधी राग आला. मी त्याला मे महिन्याच्या रकान्यावर बोट ठेवायला सांगितलं.

बदल्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅडमना प्रशिक्षण किंवा निवडणुकीचं काम लागलं तर आठ दिवसांपर्यंत मावशी वेगळे पैसे न घेता येतील, त्यापुढच्या दिवसांना दिवसाचे ३०० रुपये. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते, तेव्हा मावशी साडेसहाला येतील आणि दुपारच्या आत मोकळ्या होतील. तास कमी झाले म्हणून पगार कमी नाही, कारण पहाटेचं पाणी भरणं आणि स्वतःच्या घरचा डबा त्यांना अंधारात उरकावा लागतो.

पगाराशिवायचं

रविवार आणि शाळेच्या सुट्ट्या मावशींच्याही. त्याखेरीज वर्षाला बारा दिवस त्यांच्या मर्जीचे: महालक्ष्म्या, लग्न, मयत, काहीही. कारण विचारायचं नाही, शक्य तर आदल्या दिवशी सांगायचं. आजारपणाचे दिवस वेगळे. यजमानांना ही सूट मोठी वाटली. पण ताप अंगावर काढून आलेली बाई सहा महिन्यांच्या लेकराला मांडीवर घेते, यात तोटा कोणाचा, हे त्यांना फार समजवावं लागलं नाही.

विम्याला खर्च नगण्य आहे आणि तरीही तो कोणी करत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, जीवनज्योती विमा ४३६ रुपये. पहिल्यात अपघाती मृत्यूला दोन लाख, दुसऱ्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर दोन लाख. जीवनज्योतीत पन्नाशीपर्यंतच शिरता येतं, मावशी ४६ च्या, म्हणजे बसल्या. हे ४५६ रुपये मॅडमनी भरायचे ठरलं. पेन्शनचं मात्र जमलं नाही. असंघटित कामगारांची श्रमयोगी मानधन योजना आणि अटल पेन्शन, दोन्हींची दारं चाळिशीला बंद होतात.

विम्याचा हप्ता खात्यातून कटतो, म्हणून खातं तपासायला गेलो तर खात्याला मुलाचा मोबाइल जोडलेला, एटीएम कार्डही मुलाकडेच. मावशींना पगार हातात हवा होता तो का, ते तेव्हा कळलं. मधला मार्ग निघाला: चार हजार रोख, तीन हजार खात्यात. आणि गटातल्या एका मुलीला सोबत घेऊन त्यांनी बँकेत स्वतःचा नंबर जोडून घेतला. मुलगा दोन दिवस धुसफुसला.

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, पण आमच्या भागात घरकाम करणाऱ्या बायांना त्याची नोंदणी माहीतच नाही. ती शहरातल्या बायांची गोष्ट समजली जाते. नोंदणी १८ ते ६० वयात होते. वयाची ५५ वर्षं झाल्यावर १०,००० रुपये सन्मानधन देण्याची योजना मंडळाने राबवली आहे. त्यासाठी मॅडमनी ‘या बाई आमच्याकडे कामाला आहेत’ असं सहीनिशी पत्र दिलं. यजमान पत्राला बिचकत होते, उद्या काही अंगावर येईल म्हणून. काही येत नाही.

काम कधी संपणार हे या प्रकरणात आधीच दिसत होतं. लेकरू तीन वर्षांचं झालं की अंगणवाडी. अडीच वर्षांनी मावशी एकदम रिकाम्या, आणि तोवर मजुरांच्या टोळीतली त्यांची जागा गेलेली. म्हणून काम सुटताना केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यायचा, आणि दोन महिने आधी सांगायचं, असं लिहिलं. ग्रॅच्युइटीचा कायदा कंपनीला जे सांगतो त्याच धर्तीवर, फक्त इथे आपखुशीने.

उचलीवर मी थोडी कडक होते. मावशींना घराच्या टिनांसाठी दहा हजार हवे होते आणि यजमान द्यायलाही तयार होते. पण सालदारीतली वाईट खोड तीच: उचल फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. एका पगाराइतकीच उचल, महिन्याला पाचशेची कपात, आणि बाकी राहिली तरी काम सोडता येईल, अशी मर्यादा घातली. उरलेले तीन हजार मावशींनी गटातून घेतले.

कामाची यादीही लिहिली. बाळाची मालिश, अंघोळ, खाणं, झोप, बाळाचे कपडे, बाळाची भांडी. घराची झाडलोट, धुणं, दळण यादीत नाही. साडेपाचच्या पुढे थांबावं लागलं तर तासाला ५० रुपये.

कागदावरचं आणि घरातलं

दिवाळीच्या सुट्टीत पहिला वेचा आला आणि मावशी पोतं बांधून वेचणीला गेल्या. यजमानांच्या कपाळाला आठी: इकडचा पगार चालू आणि तिकडे किलोवर पैसे? मॅडमनी उत्तर दिलं, सुट्टी म्हणजे सुट्टी. मला हे पटतं, आणि त्यात घराचाही फायदा आहे. वेचणीचे दोन आठवडे मिळाले म्हणून डिसेंबरात मावशींचा पाय शेताकडे ओढला नाही. नाहीतर चारशे-साडेचारशे रोज पडत असताना सात हजारांवर घरात बसणं सोपं नसतं.

मार्चमध्ये सासूबाई राहायला आल्या. उन्हाळी वाळवणाचे दिवस. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवायला बसला आणि बाळ झोपलंच आहे तर म्हणून सोऱ्या मावशींच्या हातात आला. पहिल्या दिवशी कुरड्या, दुसऱ्या दिवशी पापडांचं पीठ कुटणं. तिसऱ्या दिवशी बाळ उठून रडत होतं आणि मावशींचे हात मनगटापर्यंत चिकाने भरलेले. मॅडम शाळेतून आल्या त्या नेमक्या त्याच वेळी. त्यांनी सासूबाईंना काही म्हटलं नाही. मावशींना मात्र त्या कुरड्यांचे सहाशे रुपये वेगळे दिले आणि पुढच्या दिवसापासून पापडांना वेटाळातली दुसरी बाई रोजाने बोलावली. सासूबाईंना हे पैसे उधळणं वाटलं, अजूनही वाटतं.

मावशींकडूनही सगळं नेमाने झालं असं नाही. बारा रजांपैकी नऊ पहिल्या सहा महिन्यांतच संपल्या, आणि दोनदा तर त्यांनी सकाळी नातवाच्या हाती निरोप पाठवला. मॅडमना त्या दिवशी बाळाला घेऊनच शाळेत जावं लागलं. रागावल्या, पण खाडा कापला नाही. रजा शिल्लक होती.

आता पुढचा पेच आला आहे. शाळेत नव्याने आलेल्या दुसऱ्या मॅडमचं दहा महिन्यांचं लेकरूही मावशींनी याच घरी सांभाळावं, असं विचारणं झालं आहे. यजमानांचं म्हणणं, सात हजार निम्मे-निम्मे करू. माझ्या मते हे चूक आहे. काम दुप्पट नसलं तरी दीडपट नक्की होतं, आणि दोन रांगती लेकरं म्हणजे एकाला भरवताना दुसऱ्यावर डोळा. अकरा हजार करावेत, दोन्ही घरांनी साडेपाच-साडेपाच द्यावेत. दोघींचीही बचत होते. दिवाळीचा पगार आणि काम सुटतानाची रक्कम अकरावरच धरावी. दुसऱ्या मॅडम राजी आहेत, यजमान विचार करतो म्हणालेत.

मावशींची अट पैशाची नाही. मागच्या दाराबाहेर दोन पायऱ्या आणि पाण्याचा हौद आहे. “आंधी त्या दाराले आडवी फळी ठोका,” त्या म्हणाल्या, “मंग दुसरं लेकरू आना.” फळी यजमानांनी दुकानातून आणली आहे, सुतार सोमवारी येणार आहे.